वाळूचे अंगण : जपानी उद्यानकलेतील एका द्रव्याचा विचार

१

जपानी उद्यानाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र पाण्याचे आहे : तळे, त्यावरचा पूल, काठाने वळत गेलेली वाट आणि मोकळी हिरवळ. ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात उभारलेले पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र परिचयाचे आहे. दुसरे चित्र बहुतेकांना छायाचित्रांतूनच माहीत असते : पांढऱ्या वाळूचा एक आयत, त्यावर ओढलेल्या समांतर रेषा, मधे कोठे कोठे बसविलेले दगड, आणि पाण्याचा थेंबही नाही. जपानीत ह्या दुसऱ्या प्रकाराला ‘कारेसान्सुइ’, म्हणजे ‘शुष्क गिरिजल’, असे नाव आहे.

ह्या शुष्क उद्यानांवर गेल्या शतकभरात विपुल लेखन झाले; परंतु त्यात दगडांना जेवढा मान मिळाला तेवढा वाळूला मिळालेला नाही. दगड किती, त्यांचे गट कोणते, कोणता दगड कोणाकडे झुकलेला आहे, ह्याची बारकाईने चर्चा होते. वाळूची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यात होते, आणि ते वाक्य दोनांपैकी एका प्रकारचे असते. ‘वाळू म्हणजे समुद्र’ हा पहिला प्रकार. ‘वाळू म्हणजे शून्य’ हा दुसरा. ही दोन्ही वाक्ये सर्वस्वी खोटी आहेत असे नाही. पण दोहोंतही एक समान उणीव आहे. ती वाळूकडे पाहण्याआधीच वाळूच्या पलीकडे पाहू लागतात. चित्रसमीक्षकाने रंगाचा विचार न करता केवळ चित्रविषयाचा विचार करावा, तसे हे होते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. जपानी उद्यानातील वाळूला दोन भिन्न वंशपरंपरा आहेत. एक परंपरा शुद्ध, झाडलेल्या अंगणाची. दुसरी शुष्क जलाची. पहिली धार्मिक विधीतून आणि राजदरबारातून आली, दुसरी प्रत्यक्ष निसर्गाच्या आणि चित्रकलेच्या अनुकरणातून आली. आज आपण जे पाहतो तो ह्या दोहोंचा संगम होय. रूढ समीक्षेने दुसऱ्या परंपरेलाच सर्वस्व मानल्यामुळे वाळूचा अर्थ एकांगी झाला, आणि त्या अर्थामागे असलेले नित्याचे श्रम दृष्टीआड गेले. हे श्रम बाजूस सारले तर ह्या कलाकृतीचे मर्मच हाती येत नाही, असे मला वाटते.

२

प्रथम ‘वाळू’ हा शब्दच तपासून घेतला पाहिजे. आपण वाळू म्हणतो तेव्हा नदीच्या पात्रातील किंवा समुद्रकाठची बारीक, बोटांतून निसटून जाणारी वाळू आपल्या मनात असते. क्योतोच्या उद्यानांतील द्रव्य तसे नाही. जपानीत त्याला ‘सुना’, म्हणजे वाळू, असेच म्हणतात. परंतु त्याचा कण भरड असतो. साधारणतः दोन मिलिमीटरपासून पुढे, काही ठिकाणी वाटाण्याएवढा आणि त्याहूनही मोठा. मराठीत ‘रेव’ किंवा ‘बारीक खडी’ हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत. रूढीस मान देऊन मी येथे ‘वाळू’ हाच शब्द ठेवतो; मात्र वाचकाने हा भरडपणा ध्यानात ठेवावा, कारण पुढील बरेचसे विवेचन त्यावरच अवलंबून आहे.

क्योतोतील ह्या द्रव्याचे प्रसिद्ध नाव ‘शिराकावा-सुना’ असे आहे. शिराकावा ह्या शब्दाचा अर्थ ‘श्वेत नदी’. क्योतोच्या ईशान्येस हिएइ पर्वत आहे आणि त्याच्या दक्षिणेस दाइमोंजी हा डोंगर. ह्या दोहोंच्या दरम्यानचा भूभाग ग्रॅनाइटचा आहे. आपल्याकडे बेसॉल्ट खडक हवापाण्याने कुजून त्याचा मुरूम होतो. तसाच तेथे ग्रॅनाइट कुजून त्याचा भुसभुशीत थर बनतो. जपानीत त्याला ‘मासा’ म्हणतात. पावसाने तो थर सुटतो, ओढ्यानाल्यांतून खाली येतो आणि वाटेत त्याचे कण मोकळे होतात. ह्या कणांत तीन खनिजे दिसतात : पांढरे फेल्डस्पार, करड्या छटेचे क्वार्ट्झ आणि काळे अभ्रक. म्हणून ही वाळू दुरून पांढरी दिसली तरी जवळून पाहता ती मिठात मिरीची भरड मिसळावी तशी दिसते. ती चुन्यासारखी निर्जीव पांढरी नाही. काळ्या कणांमुळे तिचा उजेड सौम्य होतो आणि दुपारच्या उन्हातही ती डोळ्यांना फारशी खुपत नाही.

ह्याहून महत्त्वाचा गुण कणाच्या आकाराचा आहे. फार दूरवर वाहून न आल्यामुळे ह्या कणांचे कोपरे पूर्णपणे झिजलेले नसतात. कोपरे एकमेकांत अडकतात आणि त्यामुळे दंताळ्याने उठविलेला वरंबा उभा राहतो. समुद्रकाठची बारीक वाळू वाऱ्याने उडते आणि पहिल्याच सरीत सपाट होते. गुळगुळीत गोटे घेतले तर ते घरंगळतात आणि त्यांची रेषाच बनत नाही. शिराकावा-सुना ह्या दोहोंच्या मधली आहे. तिच्यावर ओढलेली रेषा, पाऊस, पाखरे किंवा माणसे आड आली नाहीत तर, कित्येक दिवस टिकते. म्हणजे त्या प्रसिद्ध रेषांचे श्रेय जितके दंताळे धरणाऱ्या हाताचे आहे, तितकेच कणाच्या कोपऱ्यांचे आहे.

तिच्या व्यावहारिक उपयोगांचाही येथेच निर्देश केला पाहिजे. क्योतोत पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, आणि भरड वाळूतून पाणी चटकन मुरते. अंगणात चिखल होत नाही. जपानी मंदिरांची पाखी खोल असल्याने आतील दालनांत अंधार असतो. समोरच्या पांढऱ्या वाळूवरून परावर्तित झालेला उजेड छताच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचतो. एखादे द्रव्य कलेत प्रवेश करते तेव्हा ते मोकळ्या हातांनी येत नाही. आपल्याबरोबर आपले उपयोग आणि सवयी घेऊनच येते. शिराकावा-सुना ही राजधानीच्या उशाशी असलेल्या डोंगरातून उतरणारी, सहज उपलब्ध असलेली वस्तू होती. तिच्या सौंदर्याआधी तिचे सान्निध्य आणि तिची उपयुक्तता ह्यांची नोंद केली पाहिजे.

३

आता पहिल्या परंपरेकडे वळू. ‘निवा’ ह्या जपानी शब्दाचे भाषांतर आपण ‘उद्यान’ किंवा ‘बाग’ असे करतो, आणि आजच्या वापरात ते बरोबरही आहे. परंतु ह्या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे. विधीसाठी, समारंभासाठी किंवा कामासाठी मोकळी केलेली, झाडून स्वच्छ ठेवलेली जागा, असा तो अर्थ होता. त्यात झाडाझुडपांची अपेक्षा नव्हती. ह्या अर्थाला मराठीत नेमका शब्द आहे : ‘अंगण’. बागेत आपण काही लावतो. अंगणातून आपण काही काढून टाकतो. बाग वाढीने सिद्ध होते, अंगण झाडण्याने सिद्ध होते. हा भेद ध्यानात आला म्हणजे वाळूच्या उद्यानाविषयीचा अर्धा संभ्रम दूर होतो.

इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ ह्या ग्रंथात सम्राट चुआइ ह्याच्या कथेत ‘सानिवा’ हा शब्द येतो. देवतेचा कौल मागण्यासाठी मंत्री ताकेउची नो सुकुने ज्या शुद्ध जागेत बसतो ती ही सानिवा होय; आणि ग्रंथात हा शब्द ‘वाळू’ व ‘अंगण’ अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आहे. क्योतोच्या उत्तरेकडील कामिगामो देवस्थानात आजही एका सभागृहासमोर वाळूचे दोन शंकू उभे केलेले दिसतात. देवता प्रथम ज्या डोंगरावर उतरली त्या डोंगराचे ते रूप मानले जाते, आणि त्यांच्या माथ्यावर पाइन वृक्षाच्या सुया खोवलेल्या असतात. ह्या शंकूंना उद्यान म्हणता येणार नाही, आणि समुद्र तर मुळीच म्हणता येणार नाही. येथे वाळू ही शुचित्वाची खूण आहे. जेथे ती पसरली आहे तेथे ऐऱ्यागैऱ्याने पाऊल टाकावयाचे नाही, एवढे ती सांगते.

राजवाड्याच्या रचनेतही हेच दिसते. क्योतोच्या सम्राट-प्रासादातील ‘शिशिन्देन’ ह्या मुख्य समारंभगृहासमोर दक्षिणेस पांढऱ्या वाळूचे विस्तीर्ण प्रांगण आहे. आजची इमारत १८५५ सालची असली तरी तिची योजना हेइआन काळातील प्रासादांच्या नमुन्यावर बेतलेली आहे. अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ हा उद्यानरचनेवरील ग्रंथ ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) ह्याचा मानला जातो. त्यात सरदारांच्या वाड्यासमोर तळ्याच्या काठापर्यंत सहा ते सात ‘जो’, म्हणजे सुमारे अठरा ते एकवीस मीटर, जागा मोकळी सोडावी असे सांगितले आहे; राजप्रासादातील समारंभांसाठी ती आठ-नऊ जो असावी असेही म्हटले आहे. उद्यानशास्त्राच्या ह्या आद्य ग्रंथाने रिकाम्या जागेचे माप आवर्जून दिले आहे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. ती जागा रिकामी होती, कारण तेथे काही घडावयाचे होते.

झेन मठांतील ‘होजो’, म्हणजे मठाधिपतीचे मुख्य गृह, ह्याच्या दक्षिणेकडील अंगणाचा वारसाही हाच आहे. मठातील महत्त्वाचे विधी ह्या अंगणात होत, आणि त्यासाठी ते पांढऱ्या वाळूने आच्छादून मोकळे ठेवण्याची प्रथा होती. हे विधी पुढे मागे पडले तेव्हाच त्या अंगणात दगड आणि झाडे ह्यांना शिरकाव मिळाला, असे उद्यानेतिहासाचे अभ्यासक मानतात. ह्याचा अर्थ असा की, आज ज्या रिक्ततेला आपण तत्त्वज्ञान म्हणतो, ती मुळात समारंभासाठी राखून ठेवलेली जागा होती. समारंभ गेला आणि राखण तेवढी उरली.

४

दुसरी परंपरा शुष्क जलाची. ‘कारेसान्सुइ’ हा शब्द साकुतेइकीतच प्रथम आढळतो. तळे नाही, प्रवाह नाही, अशा ठिकाणी दगड बसविण्याच्या प्रकाराला तो ग्रंथ हे नाव देतो. ह्या व्याख्येत वाळूचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. क्योतोच्या पश्चिमेकडील साइहो-जी ह्या मठाचे उद्यान मुसो सोसेकी (१२७५–१३५१) ह्या झेन गुरूने १३३९ मध्ये नव्याने रचले असे मानतात. त्याच्या वरच्या भागातील दगडांचा शुष्क धबधबा ह्या कलेचा एक आरंभबिंदू समजला जातो. तेथेही दंताळ्याने रेखलेली वाळू नाही. दगड आहेत आणि शेवाळ आहे. तेव्हा शुष्क उद्यान आणि वाळूचे अंगण ह्या दोन गोष्टी मुळात वेगळ्या होत्या, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही.

त्या एकत्र कशा आल्या ह्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दाइतोकु-जी ह्या मठसमूहातील दाइसेन-इन हे आहे. हा उपमठ १५०९ मध्ये कोगाकु सोको ह्याने स्थापन केला आणि त्याचा होजो १५१३ मध्ये पुरा झाला. उद्यानाचे कर्तृत्व परंपरेने चित्रकार सोआमी ह्याच्याकडे दिले जाते. स्वतः कोगाकुचा त्यात वाटा असावा असेही मत आहे. होजोच्या ईशान्य कोपऱ्यात, अगदी अरुंद पट्टीत, उंच उभे दगड पर्वतासारखे रचले आहेत. त्यांच्यामधून पांढऱ्या वाळूचा धबधबा उतरतो, दगडी पुलाखालून जातो, प्रवाह रुंदावतो, आणि त्यात होडीच्या आकाराचा एक दगड तरंगल्यासारखा दिसतो. शाईने काढलेल्या चिनी निसर्गचित्राची ही घन प्रतिकृतीच होय. येथे ‘वाळू म्हणजे पाणी’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पाश्चात्त्य रसिकांनी ते बाहेरून लादलेले नाही. रचनाच ते बोलून दाखविते. रूढ समीक्षेच्या बाजूने एवढे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच होजोच्या दक्षिणेस गेले की दृश्य पालटते. तेथे दगड नाहीत, प्रवाह नाही. सपाट वाळूचे अंगण आहे, त्यावर रेषा आहेत, आणि वाळूचेच दोन शंकू आहेत. ईशान्येकडून निघालेला प्रवाह येथे महासागराला मिळतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते सुंदर आहे. मात्र सागरात दोन शंकू कोठून आले ह्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कामिगामोच्या अंगणातील शंकू आठवले म्हणजे ते मिळू शकते. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना वाळू दोन वेगळ्या भाषा बोलत आहे : एका बाजूस ती पाण्याचे चित्र आहे, दुसऱ्या बाजूस ती शुचिभूमी आहे. समुद्राचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच लावला तर दक्षिणेकडील अंगण उत्तरेकडील चित्राची केवळ पुरवणी ठरते. तसे ते नाही. रचनेच्या दृष्टीने पाहता तेच अधिक जुने, अधिक मूलभूत रूप आहे.

५

ह्या दोन भाषांचा सर्वांत अवघड संगम र्‍योआन-जी येथे झाला आहे, आणि समीक्षेची खरी कसोटीही तेथेच लागते. होसोकावा कात्सुमोतो ह्याने १४५० मध्ये स्थापिलेला हा मठ ओनिन युद्धात जळाला आणि १४८८ मध्ये पुन्हा उभा राहिला. होजोच्या दक्षिणेकडील अंगण सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे. त्यात पाच गटांत मिळून पंधरा दगड आहेत. ओसरीवर कोठेही बसले तरी त्यांपैकी एखादा तरी नजरेआड राहतो. दगडांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ आहे. बाकी सर्व वाळू. रेषा लांबीच्या दिशेने समांतर जातात आणि दगडांजवळ येताच त्यांना वेढून वर्तुळाकार होतात.

ह्या अंगणाचा ‘झेन उद्यान’ म्हणून जो लौकिक आहे तो फार जुना नाही. लोरेन कक ह्या अमेरिकन लेखिकेने १९३५ मध्ये क्योतोच्या शंभर उद्यानांवर पुस्तक लिहिले. ‘झेन उद्यान’ हा शब्दप्रयोग त्याच पुस्तकात प्रथम आला असे डच अभ्यासक विबे काउटर्ट ह्यांनी दाखविले आहे. काउटर्ट ह्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट पुढे आणली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्या अंगणाचे जे वर्णन मिळते त्यात नऊ मोठ्या दगडांचा उल्लेख आहे, पंधरांचा नाही. आज दिसणारी रचना अठराव्या शतकाच्या अखेरच्या आगीनंतरची असावी, आणि अकिसातो रितो ह्याच्या १७९९ च्या सचित्र ग्रंथात तिचे चित्र मिळते. ह्या मताविषयी जपानी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. परंतु त्यामुळे एक प्रश्न मात्र अटळपणे उभा राहतो. दगड बदलले असतील, कर्ता अज्ञात आहे, इमारत जळून पुन्हा बांधली आहे. मग ह्या अंगणात सातत्याने टिकले ते काय? माझ्या मते दक्षिणेकडील मोकळी जागा आणि ती झाडण्याची वहिवाट, एवढेच निश्चयाने सांगता येते.

रिक्त जागेच्या अर्थाचा शोध विज्ञानानेही घेतला आहे. गर्ट व्हॅन टोंडर, मायकेल लायन्स आणि योशिमिची एजिमा ह्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. दगडांच्या गटांमधील रिकाम्या जागेचे मध्य-अक्ष काढले असता झाडाच्या फांद्यांसारखी आकृती मिळते, आणि तिचे खोड होजोतून पाहण्याच्या मध्यवर्ती स्थानाकडे येते, असे त्यांचे म्हणणे आहे. दगडांकडून रिक्ततेकडे लक्ष वळविणारा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण त्यातही वाळू ही केवळ ‘दगड नसलेली जागा’ ठरते. तिच्या जागी फरशी असती किंवा हिरवळ असती तरी गणित बदलले नसते. अंगण मात्र सर्वस्वी बदलले असते.

आपल्याकडील सौंदर्यविचाराच्या परिभाषेतही हा प्रश्न तपासता येईल. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची संघटना स्पष्ट केली. र्‍योआन-जीचे अंगण त्या विवेचनासाठीच घडविले असावे असे प्रथमदर्शनी वाटते. समांतर रेषांचा संवाद, रेषा आणि वर्तुळे ह्यांचा विरोध, पाच विषम गटांचा समतोल : सर्व तत्त्वे जणू हात जोडून उभी आहेत. तथापि ह्या विश्लेषणाने अंगणाचे एका क्षणीचे रूपच हाती लागते. ते रूप काल मोडले होते आणि आज पुन्हा काढले गेले, ही घटना त्या विश्लेषणाच्या चौकटीत बसत नाही. चित्राच्या बाबतीत ही उणीव क्षम्य ठरते, कारण चित्र एकदाच काढले जाते. वाळूच्या अंगणाच्या बाबतीत ती मूलगामी ठरते.

जपानीत ह्या रेषांना ‘सामोन’, म्हणजे वाळूवरील आकृती, असा शब्द आहे. पण ‘होकिमे’ असाही दुसरा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ‘खराट्याच्या खुणा’. दुसरा शब्द मला अधिक बोलका वाटतो. रेषा ही प्रथम झाडल्याची खूण आहे, मागाहून ती लाट झाली. ताजे झाडलेले अंगण पाहिले की ‘येथे कोणीतरी आताच होते, आणि आता कोणी नाही’ असा एक विशिष्ट भाव मनात उमटतो. र्‍योआन-जीच्या ज्या शांततेचे वर्णन करताना लेखक शून्यवादापर्यंत पोहोचतात, तिचे मूळ ह्या साध्या अनुभवात आहे. शून्य हे अंगण झाडल्याने निर्माण होते. ते आयते मिळत नाही.

६

वाळूने दगडांची संगत सोडून स्वतंत्रपणे उभे राहण्याचे धाडसही केले आहे. आशिकागा योशिमासा ह्याने १४८२ पासून उभारलेल्या आणि पुढे गिंकाकु-जी म्हणून प्रसिद्ध झालेल्या निवासात वाळूच्या दोन रचना आहेत. ‘गिन्शादान’ हा उंच केलेल्या वाळूचा पट्टेदार चौथरा. ‘कोगेत्सुदाइ’ हा माथा छाटलेला, पुरुषभर उंचीचा शंकू. चंद्रप्रकाश परावर्तित करण्यासाठी आणि चंद्रोदय पाहण्यासाठी त्या केल्या अशी आख्यायिका सांगतात. परंतु ह्या रचना योशिमासाच्या काळातील नसून पुष्कळ नंतरच्या, एदो काळातील आहेत, असे आता मानले जाते. आख्यायिका दूर सारली तर काय उरते? उरते ती द्रव्याची शक्ती. एवढा मोठा शंकू कोणत्याही चिकट पदार्थाविना, केवळ कणांच्या परस्पर आधाराने आणि थापणाऱ्या हातांनी उभा आहे. वाळू येथे कशाचीही प्रतिमा होण्यास उत्सुक दिसत नाही. जवळच्याच होनेन-इन मठात प्रवेशद्वारातून आत जाताना वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळूचे दोन चौथरे लागतात. त्यांच्यावरील आकृती ऋतुमानाप्रमाणे पालटतात, आणि त्यांच्यामधून जाणे म्हणजे शुद्ध होऊन आत जाणे, असा संकेत आहे. अंगणाची जुनी भाषा येथे निर्मळपणे ऐकू येते.

विसाव्या शतकात शिगेमोरी मिरेई (१८९६–१९७५) ह्या उद्यानकाराने वाळूला चित्रकाराच्या रेषेचे स्वातंत्र्य दिले. जपानभरच्या उद्यानांची मोजणी करून त्यांचे आराखडे प्रसिद्ध करणारा हा अभ्यासक स्वतः निर्माताही होता. तोफुकु-जीच्या होजोसमोर १९३९ मध्ये त्याने रचलेल्या अंगणात दगडांच्या गटांभोवती वाळूचे आवर्त फिरतात. दाइतोकु-जीमधील झुइहो-इन येथील १९६१ च्या अंगणात तर वरंबे इतके उंच आहेत की खवळलेल्या समुद्राचाच भास होतो. त्याच्या प्रतिभेविषयी शंका नाही. पण ह्या अंगणांत वाळू इतक्या आग्रहाने लाट होऊ पाहते की अंगण असण्याचे तिचे मौन क्वचितच उरते. प्रतीक प्रबळ झाले की द्रव्य त्याचे सेवक होते. दाइसेन-इनच्या दक्षिण अंगणातील सौम्य रेषा पाहिल्यानंतर हा फरक विशेष जाणवतो. शिगेमोरीच्या कृती नव्या काळाच्या थोर कृती आहेत, ह्यात संशय नाही. मात्र त्या पाहून जुन्या अंगणांचा अर्थ लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

७

शेवटी एका व्यावहारिक, पण समीक्षेलाही आव्हान देणाऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. शिराकावा नदीतून वाळू काढण्यास विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंदी झाली. आता उद्यानांना लागणारी वाळू पुष्कळ अंशी ग्रॅनाइट फोडून तयार करावी लागते. ओढ्याने मोकळा केलेला कण आणि यंत्राने फोडलेला कण ह्यांच्या कडा सारख्या नसतात. रंगही हुबेहूब जुळतोच असे नाही. जुनी वाळूही जशीच्या तशी राहत नाही. पानांचा कुजका, धूळ आणि शेवाळ कणांत शिरतात. अभ्रकातील लोहांशामुळे पिवळसर छटा येते. कण खालच्या मातीत रुततात. म्हणून वाळू अधूनमधून उचलावी लागते, चाळावी आणि धुवावी लागते, तिच्यात नवी भर घालावी लागते. अशा स्थितीत र्‍योआन-जीची ‘मूळ’ वाळू कोणती, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ राहत नाही. ‘क्योतोतील प्राचीन वास्तू’ ह्या गटात १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या ह्या स्थळाचे रक्षण म्हणजे नेमके कशाचे रक्षण, असा प्रश्न त्यातून निघतो.

जपानी परंपरेतच ह्याचे एक उत्तर आहे. इसे येथील महादेवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने बांधले जाते. सर्वांत अलीकडे ते २०१३ मध्ये बांधले गेले. त्या प्रसंगी तेथील नागरिक मियागावा नदीतील पांढरे गोटे मिरवणुकीने आणून नव्या मंदिराभोवती पसरतात. तेथे जुनेपण लाकडात किंवा गोट्यात नसते. ते पुन्हा करण्यात असते. वाळूच्या अंगणाची जात हीच आहे. ह्या अंगणाचा कर्ता सोआमी की कोगाकु, दगड नऊ की पंधरा, हे प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. परंतु कलाकृतीच्या दृष्टीने पाहता, गेली कित्येक शतके पहाटे दंताळे हाती घेणारी निनावी माणसेच ह्या अंगणाची कर्ती आहेत. मठाच्या दिनचर्येत अशा शारीरिक कामाला ‘सामु’ असे म्हणतात आणि ते साधनेचाच भाग मानले जाते. ह्या उद्यानांचा झेनशी खरा संबंध शोधावयाचा असेल तर तो दगडांच्या गूढ मांडणीपेक्षा येथे अधिक भरवशाने सापडेल.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सारा भर श्रमावर आणि द्रव्यावर दिल्याने कलेचे कारागिरीत अवमूल्यन होत नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. कोणतेही झाडलेले अंगण र्‍योआन-जी होत नाही, हे उघड आहे. प्रमाण, सीमा, दगडांची जागा ह्यांवर प्रतिभेचा ठसा असावाच लागतो. पण प्रतिभेने जे आखले ते येथे अन्य कलांप्रमाणे एकदाच सिद्ध होऊन स्थिर राहत नाही. ते जवळजवळ संगीताप्रमाणे आहे : बंदिश एकाची, आणि ती जिवंत ठेवणारे गळे अनेकांचे. वाळू हे असे द्रव्य आहे की जे आकार स्वीकारते आणि तो आकार टिकविण्याची हमी मात्र देत नाही. म्हणूनच ते माणसाला पुन्हा पुन्हा आपल्याकडे बोलावते. शिळेत कोरलेल्या कृतीला पुढच्या पिढीची गरज लागत नाही. वाळूत रेखलेल्या कृतीला ती रोज लागते.

तेव्हा वाळू समुद्र आहे काय, ह्या प्रश्नाला ‘काही ठिकाणी आहे’ असे उत्तर द्यावे. ती शून्य आहे काय, ह्या प्रश्नाला ‘कोणीतरी तसे ठेवले म्हणून आहे’ असे उत्तर द्यावे. आणि ती मूलतः काय आहे, असे कोणी विचारलेच, तर ती डोंगरातून उतरलेली, कोपरे शिल्लक असलेली, पाणी मुरविणारी, उजेड परतविणारी आणि माणसाच्या हाताची खूण काही दिवस जपणारी भरड रेव आहे, असे निःसंकोचपणे सांगावे. जपानी उद्यानकलेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकाला एक सोय आहे, ती अशी की ‘निवा’ ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या भाषेत वेगवेगळ्या शब्दांनी आधीच ठरलेले आहेत. बाग पाहावयाची असेल तेव्हा त्याने बाग पाहावी. वाळूसमोर बसण्याची वेळ येईल तेव्हा मात्र आपण अंगणासमोर बसलो आहोत, हे त्याने विसरू नये.